साडूभाऊंच्या गाडीचा बेल्ट

देवानं माणसाला दोन हात दिले ते मुख्यतः मोटार दुरुस्त करण्यासाठी, आणि उरल्या वेळात जेवण्यासाठी, असं ठामपणे मानणारे या भूतलावर एकच गृहस्थ असावेत, आणि माझे ग्रह बघा, ते नेमके माझे साडू निघाले. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिचे हे यजमान. गंगाखेडच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट, कानावर कापडावर खुणा करायचा निळा खडू. ते मला साडूभाऊ म्हणतात आणि मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं वाटतं. मी परभणीला शाळेत मास्तर आहे. आठवड्याचे सहा दिवस पोरांपुढे घसा फोडल्यावर रविवारी दुपारी पोटभर जेवून आडवं व्हावं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा. पण गेली वीस-बावीस वर्षं माझे निम्मे रविवार या माणसानं खाल्ले आहेत. फोन वाजतो आणि पलीकडून गंभीर आवाज येतो, "साडूभाऊ, गाडी बोलायलीय. या." घरातलं माणूस आजारी पडल्याचं कळवावं तसा तो आवाज असतो. मग मी बायकोच्या नावानं, म्हणजे तिच्या माहेराच्या नावानं, बोटं मोडत गंगाखेडची एसटी धरतो.

गाडी म्हणाल तर चांदीच्या रंगाची, जुनी, दोन्ही दारांना पोचे आलेली. पण तिला आजवर मिस्त्रीचा हात लागलेला नाही. "मिस्त्रीच्या हाताला तेल असतं, माया नसते," हे त्यांचं वचन. एकदा त्यांच्या गैरहजेरीत आक्कांनी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावून नुसती हवा तपासून घेतली, तर साडूभाऊ दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. दुरुस्ती म्हणजे त्यांच्याकडे पूजाच. आधी हातपाय धुणार, विभूती नव्यानं लावणार, मग गाडीपुढं अंगणात दीड मीटर कोरा मांजरपाट अंथरणार. वर्तमानपत्र चालत नाही. त्या मांजरपाटावर निळ्या खडूनं गोल आखायचे, आणि काढलेला एकेक बोल्ट आपापल्या गोलात ठेवायचा. माझं काम टॉर्च धरण्याचं. "साडूभाऊ, उजेड इकडं. तिकडं न्हाई, इकडं. तुमचं ध्यान कुठं हाय?" माझं ध्यान घरच्या गादीवर असतं हे मी सांगत नाही. टॉर्चच्या पलीकडे मात्र मला कधी बढती मिळाली नाही. एकदा मी आपणहून पाना उचलला तर त्यांनी तो माझ्या हातातून हळूच, लहान लेकराच्या हातातून चाकू काढून घ्यावा तसा, काढून घेतला. "तुमी काहून तकलीफ घेता," म्हणाले, आणि वर माझ्यासाठी आतून चहा मागवला.

इंजिनाचा आवाज ऐकायला ते कापड मोजायचा लोखंडी गज वापरतात. गजाचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. दोन मिनिटांनी डोळे उघडून निदान सांगतात आणि सांगायला लाज वाटते पण ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. बाकीचं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतून येतं. कुठल्या तरी परक्या मुलखातला टोपीवाला माणूस अगम्य भाषेत काहीतरी बोलत इंजिन उघडत असतो, आणि साडूभाऊ माना डोलवत असतात. मी विचारलं, ही भाषा कोणती? म्हणाले, "काय करायचीय भाषा? हात बघायचे. हात गलत बोलत न्हाईत." दुरुस्ती संपल्यावर मांजरपाटावर हमखास एखादा बोल्ट शिल्लक राहतो. मला धडकी भरते, त्यांना नाही. तो बोल्ट ते शांतपणे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात. कंपनीनं वरचं दिलंय, असं त्यांचं म्हणणं. ती बरणी गळ्यापर्यंत भरली होती, आणि तरी ती गाडी चालायची, हे एक कोडंच आहे.

यांची एकुलती एक लेक गौरी. पुण्याला नोकरी करते, बोलायला तिखट, पण बापावर जीव. मागच्या उन्हाळ्यात ती आलेली असताना गाडी भर बाजारात, खुद्द त्यांच्याच दुकानासमोर बंद पडली आणि चार दुकानदारांनी ढकलत घरी आणली. त्या रात्री जेवताना गौरी म्हणाली, "आप्पा, पुरे आता. ही देऊन टाका, मी नवी घेऊन देते. आईला घेऊन रस्त्यात कुठं अडकलात म्हंजे?" आक्कांनीही लेकीचीच री ओढली. साडूभाऊंनी भाकरीचा घास खाली ठेवला. म्हणाले, "ऐका. ज्या दिवशी ही गाडी माझ्या हातानं दुरुस्त व्हायची न्हाई, त्या दिवशी चावी मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन. तवर हा विषय काढायचा न्हाई." गौरीनं माझ्याकडे बघितलं. मी ताकाच्या वाटीत बघितलं. साडूभाऊंचा शब्द म्हणजे फाडलेलं कापड, एकदा कात्री लागली की परत जोडायचं नाही, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे.

आणि मग या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, त्यांच्या गाडीचा बेल्ट तुटला.

हा बेल्ट काय चीज आहे ते मलाही तेव्हाच कळलं. रबराचा एक लांब पट्टा, आतून रेघारेघांचा. इंजिनाच्या तोंडाशी पाच-सहा चाकं असतात, त्या सगळ्यांवरून हा एकटा वरून, खालून, नागासारखा वळसे घेत फिरतो. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी यानंच फिरायचं, बॅटरी यानंच भरायची, स्टिअरिंग यानंच हलकं राहायचं. थोडक्यात घरातल्या सुनेसारखं, दिसत कुणाला नाही, पण ती एक दिवस बसली की सगळं घर बसतं. साडूभाऊ साखर कारखान्याच्या रस्त्यानं येत होते, पुढून फाट्कन आवाज आला, लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगड झालं. दुसरा कुणी असता तर फोन करून मिस्त्री बोलावला असता. यांनी ऊस टाकून परतणारा एक ट्रॅक्टर थांबवला, डिक्कीतून पाच मीटर मांजरपाट काढून त्याला पीळ दिला आणि त्या पिळानं गाडी ट्रॅक्टरला बांधली. बाजारपेठेतून ट्रॅक्टरमागून येताना ते आत ताठ बसून ओळखीच्यांना नमस्कार करत होते म्हणे. मांजरपाट तुटला नाही, हे त्यांनी मला नंतर तीनदा सांगितलं.

घरी आल्या आल्या मला फोन. "साडूभाऊ, बेल्ट गेला. गौरी आइतवारी दुपारी चारच्या गाडीनं यायलीय. तिला आणायला स्टेशनवर हीच गाडी जाईल, न्हाई तर..." पुढची चावीची अट मला पाठ होती. जुन्या बेल्टवरचा नंबर घासून गेला होता, म्हणून त्यांनी तुटलेला बेल्ट सरळ करून गजानं मोजला आणि मला माप सांगितलं, "एक मीटर एकोणऐंशी. सहा रेघा. परभणीत घ्या आन् शनिवारी सकाळी घेऊन या." मी विचारलं, माप पक्कं ना? तिकडून नुसतं एक दुखावलेलं हुं आलं. चाळीस वर्षं जो माणूस दिवसभर कापड मोजतोय त्याला मास्तरानं हे विचारावं? मी दुकानदाराला तेच माप सांगून बेल्ट घेतला आणि शाळेत शनिवारची रजा टाकली.

शनिवारी अंगणात मांजरपाट अंथरला गेला. टोपीवाल्याच्या व्हिडिओवरून साडूभाऊंनी एका पांढऱ्या चिंधीवर निळ्या खडूनं बेल्टचा सगळा रस्ता काढून ठेवला होता, कुठल्या चाकावरून आणि कुठल्या चाकाखालून. त्यातलं एक चाक स्प्रिंगवर बसवलेलं असतं. पाना लावून ते दाबून धरायचं, बेल्ट चढवायचा आणि पाना सोडायचा, की ते चाक बेल्टला ताण देतं. त्याला टेन्शनर म्हणतात. पण त्या दिवशी पाना लावावाच लागला नाही. बेल्ट असा अलगद चढला की साडूभाऊ खूश. "बघा, हातात कला पायजे!" गाडी सुरू केली. आधी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी एक किंकाळी आली, मग फटफट आवाज, मग बेल्ट सगळ्या चाकांवरून उतरून खाली मांजरपाटावर येऊन पडला. आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, बघून परत आत गेल्या. पुन्हा चढवला, पुन्हा किंकाळी, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा बेल्ट पडल्यावर माझा संयम सुटला. मी गज उचलला आणि जुना तुटका बेल्ट स्वतः मोजला.

"साडूभाऊ, हा तर एक मीटर पंच्याहत्तर भरतोय."

"मग?"

"मग काय मग! तुम्ही मला एकोणऐंशी सांगितलं."

"बराबर हाय. दोन बोटं वरचं धरलं."

"कामून?"

"कामून म्हंजे?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अडाणी मीच. "धुतल्यावर आटतं ना!"

मी त्या मांजरपाटावर मटकन बसलो. आतून आक्कांच्या हसण्याचा आवाज आला, त्या दाराआड उभ्या होत्या. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र एवढासुद्धा अपराध नव्हता. चाळीस वर्षांत त्यांच्या दुकानातून एक गिऱ्हाईक असं गेलं नाही की ज्याचं कापड कमी भरलं. माप घ्यायचं आणि वर दोन बोटं सोडायची, हे त्यांच्या हाताला जन्माचं लागलेलं. रबर धुवायचं नसतं, आटत नसतं, हे त्यांना पटलं, पण मनापासून नाही. तो बेल्ट बोटांनी चाचपत म्हणाले, "येवढं चांगलं नवं कोरं हाय. शिंप्याकडून दोन बोटं मुडपून टीप मारून आणली तर?" मी त्यांना हात जोडले आणि दुपारच्या एसटीनं परभणीला निघालो.

दुकानदारानं तेलाचे डाग पडलेला बेल्ट उलटसुलट करून बघितला, माझ्याकडे बघितलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि बरोबर मापाचा बदलून दिला. रविवारी सकाळी मी पुन्हा गंगाखेडला. माझी रविवारची झोप गेलीच होती, तिचं दुःख करायलाही वेळ नव्हता. चारच्या आत हे काम व्हायलाच हवं होतं. खोटं कशाला बोलू, त्या डबड्याविषयी मला कधी प्रेम नव्हतं. पण साडूभाऊंनी चावी देताना मला बघायचं नव्हतं.

आता माप बरोबर असल्यामुळे बेल्ट सहजासहजी चढेना. टेन्शनर दाबूनच चढवावा लागणार होता. साडूभाऊंनी पाना लावला, दम धरला आणि खाली ओढला. चाक जरासं हललं आणि परत गेलं. पुन्हा ओढला. पुन्हा परत. "गंज धरलाय," म्हणाले. तेल सोडलं. अर्धा तास ते मुरू दिलं. जेवणाला आक्कांनी हाक मारली तर "आलोच" म्हणाले आणि गेले नाहीत. पुन्हा ओढला. मी टॉर्च धरून उभा होतो, आणि त्या उजेडात मला चाक दिसायच्या ऐवजी त्यांचा उजवा हात दिसायला लागला. पाना अर्ध्यावर आला की तो खांद्यापासून थरथरायचा आणि ओठ घट्ट मिटलेले असूनही त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. गंजबिंज काही नव्हतं. मग मला एकेक आठवत गेलं. वर्षभरात दुकानातले वरच्या फळीवरचे तागे खाली आले होते, "गिऱ्हाइकाला दिसाया पायजेत" म्हणून. दिवाळीला ते डाव्या हातानं जेवण वाढत होते. शर्टाची बाही घालताना भिंतीकडे तोंड करून उभे राहत होते. खांदा धरला होता माणसाचा, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता, आक्कांनासुद्धा नाही.

"साडूभाऊ, मी लावू का हात?" मी हळूच विचारलं.

"उजेड इकडं धरा," ते म्हणाले.

तीन वाजले. सव्वातीन वाजले. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, विभूती ओघळून भुवईत आली होती. साडेतीनला त्यांनी पाना बोल्टवर तसाच अडकवून सोडला, दोन पावलं मागं आले आणि माझ्याकडे न बघता, फडक्याला हात पुसत म्हणाले, "साडूभाऊ, जरा ओढता का?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी टॉर्च खाली ठेवला, पाना दोन्ही हातांनी धरला आणि माझं सगळं वजन त्यावर टाकलं. चाक खाली आलं. साडूभाऊंनी डाव्या हातानं बेल्ट शेवटच्या चाकावर सरकवला, बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, "सोडा." मी सोडला. गाडी सुरू केली. किंकाळी नाही, फटफट नाही, लाल दिवा नाही. त्यांनी गज कानाला लावला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की माझे बावीस वर्षांचे रविवार मला त्या क्षणी वसूल झाल्यासारखे वाटले.

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. "झाली?"

"झाली म्हणजे काय! यांनी केली," मी घाईनं म्हणालो. "मी आपला नेहमीसारखा टॉर्च धरून उभा होतो." मी मास्तर माणूस, पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगतो, पण हे खोटं मी पुन्हा शंभर वेळा बोलेन. साडूभाऊंनी मांजरपाट झटकला, घडी घातली, हात धुतले, आणि आम्ही स्टेशनवर गेलो.

गौरी आगगाडीतून उतरली आणि बाहेर आमची चांदीच्या रंगाची गाडी उभी बघून थक्क झाली. आईनं बेल्टचं सगळं फोनवर सांगितलं होतं तिला. आत बसल्यावर कान देऊन ऐकायला लागली. "आप्पा, आवाज येईना की! जिंकलात बाबा तुमी. आता मी विषय काढणार न्हाई, जा." मी मागच्या सीटवर बसून निःश्वास टाकला. साडूभाऊ शांतपणे गाडी चालवत होते, उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्यानं स्टिअरिंग धरून.

घरी आलो. अंगणात गाडी उभी केली, बंद केली, चावी काढली. आक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या, लेकीवरून ओवाळून टाकायला. त्यांचं झाल्यावर साडूभाऊंनी गौरीचा हात धरला आणि चावी तिच्या तळव्यावर ठेवली.

"हे काय? झाली ना दुरुस्त?"

"झाली. माझ्या हातानं न्हाई झाली. साडूभाऊंनी ओढलं. माझा खांदा काम करंना गेलाय."

आक्का पायरी उतरून पुढं आल्या. "खांदा? कधीपसनं?" मला असा राग आला म्हणून सांगू! इतका वेळ मी ज्यासाठी खोटं बोललो ते यांनी एका वाक्यात उधळलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो, एकदा पाना ओढला मी! एकदा! कोण मोजत बसलंय?"

"मी," ते म्हणाले. "मोजणं माझा धंदा हाय, साडूभाऊ."

गौरीनं चावी परत त्यांच्या खिशात घालायचा प्रयत्न केला, रडली, भांडली, "मला नको तुमचा शब्द" म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. आक्का मात्र गाडीविषयी एक अक्षर न बोलता त्यांना आत घेऊन गेल्या आणि दाराआडून त्यांचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. वर्षभर खांदा लपवला म्हणून त्या चिडल्या होत्या, आणि मध्येच तेल गरम करायला ठेवलंय का म्हणून कामवाल्या बाईला विचारत होत्या.

ती गाडी झरी गावच्या एका शेतकऱ्यानं नेली. नेताना साडूभाऊंनी त्याला बोल्टांची बरणी दिली, खडूनं रस्ता काढलेली चिंधी दिली आणि तासभर उभं करून माहिती दिली. तो बिचारा हो हो म्हणत राहिला. आता अंगणात गौरीनं घेतलेली नवी पांढरी गाडी आहे. सुरू झालेली कळत नाही इतकी गुमान. खांद्याला रोज व्यायाम चालू आहे, आक्का समोर बसून करून घेतात, हात आता डोक्यापर्यंत जातो.

मला फोन येत नाहीत. रविवार माझे मला परत मिळाले आणि दुपारी मी गादीवर पडतोही, पण झोप म्हणून लागत नाही. मग महिन्यातून एखाद्या रविवारी मीच न बोलावता एसटी धरतो. साडूभाऊंना बरं वाटतं, ते दाखवत नाहीत. चहा होतो. दुकानाच्या गप्पा होतात. मग ते म्हणतात, "चला, जरा बघू," आणि आम्ही अंगणात जातो. ते डाव्या हातानं बॉनेट उघडतात. आत सगळं काळ्या झाकणाखाली बंदिस्त, झाडून पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. आम्ही दोघं वाकून थोडा वेळ बघत उभे राहतो. "बराबर हाय," ते म्हणतात, आणि हळूच बॉनेट लावून टाकतात.

परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी देवाला सांगतो, बाबा रे, त्या नव्या गाडीचं काहीतरी बिघडव. फार नको. आम्हा दोघांना मिळून जमेल, एवढंच.